तिसरी उशी

रस्त्याखाली नळ कुठे गळतो, हे मी जमिनीला सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाला लावून सांगतो. नागपूरच्या नळखात्यात बावीस वर्षं हेच केलं. मारोतरावांचा कान कधी चुकत नाही, असं साहेब लोक म्हणतात. मीही त्यांना अडवत नाही. फक्त अलीकडे मान फार आखडायची; मला वाटायचं, या कामापायीच.

यंदा, शहाऐंशी साली, माझ्या बायकोच्या, गोपिकाच्या, हृदयाची झडप गळते असं निघालं. मला वाटलं, हे तर आपलंच खातं!

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून डोळे मिटले. समाधी उतरल्यावर म्हणाले, "बरंच रक्त मागे फिरतं. मुंबईला नेऊन झडप बदलावी लागेल."

मग तिथल्याच एका तरुण डॉक्टरांच्या, हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या नव्याकोऱ्या इको मशीनचं दर्शन घेतलं. पडद्यावर बिघडलेल्या टीव्हीसारखं काहीतरी भुरभुरलं. "किरकोळ आहे," ते म्हणाले. "गोळ्या पुरतील."

मला मशीनचंच खरं हवं होतं. गोपिकाची छाती उघडायची, हा विचारच मला नको होता.

शेवटी दवाखान्यात दोघांनाही एका खोलीत गाठलं. "साहेब, शंभर लोटे पुढं गेले तं मांगं किती येते?"

"तसं मोजता येत नाही. अंदाज असतो," तरुण डॉक्टर म्हणाले.

"मंग मशीन कायले आनली?"

म्हातारे डॉक्टर खूश होऊन हसले. तरुण डॉक्टरांनी त्यांच्या कानांचं वय काढलं, म्हाताऱ्यांनी तरुणाच्या मशीनची किंमत काढली. पेशंट बिचारी स्टुलावर बसून दोन्ही विद्वानांकडे पाहत होती.

तेवढ्यात फॉर्म भरणाऱ्या चारुशीला सिस्टरने तिला विचारलं, "झोपताना उशा किती लागतात?"

"तीन. आडवं झालं का दम कोंडते."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

होळी तोंडावर आली होती. दोन्ही डॉक्टर भांडण सोडून तिच्याकडे वळले. माझं लक्ष मात्र उशांवर होतं, "आपल्या घरी तीनच उशा हेत वं. एक तं माही हाय!"

गोपिकाने मान खाली घातली. "तुमी झोपले का तेच काढून घेतो मी. सकाळी ठेवून देतो."

"काहून नाही सांगतलं मले?"

"तुमची मान दुखून राहिली होती ना. म्हटलं, आनखी कायले तरास?"

"आडवं होता येत नाही, म्हणजे गळती मोठीच आहे," म्हणत तरुण डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी लिहिली. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. बावीस वर्षं अख्ख्या शहराची गळती ऐकली, आणि सहा महिने माझ्या डोक्याखालून रोज उशी जात होती, ते मला कळलं नाही.