धुतलेली कोथिंबीर

खोटं कशाला बोलू, भाजीवाल्या सोयराबाईच्या झिंज्या उपटायच्या म्हणूनच मी त्या दिवशी शहराबाहेरच्या केंगेरीची बस धरली.

माझी सून पवित्रा सातव्या महिन्यात कावीळ होऊन इस्पितळात पडलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यातून आलीय, बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही. पोरीला डोहाळे कच्च्या कोथिंबिरीच्या चटणीचे! रोज मीच वाटून भरवली. कोथिंबीर सोयराबाईची. आठवड्यातून तीनदा ती शहरात, चामराजपेटेत आमच्या दारात यायची, जुड्यांतून पाणी निथळत असायचं. धुऊनच आणलीय म्हणून मी मेली परत धुवायचीसुद्धा नाही.

वृषभावती नदीच्या काठी तिचा मळा. बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून जुड्या बुचकळत होती. पाणी काळं, वर साबणासारखा फेस, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला.

"अगं सटवे, ह्यात धुतेस? माझी सून मरतेय तिकडे!"

ती दचकली. जुडी टाकून वर आली, माझा हात धरून मला विहिरीपाशी घेऊन गेली. पाणी हिरवंगार, शेवाळानं दाटलेलं.

"वरच्या मळेवाल्यांचा युरिया पावसाबरोबर ह्यात उतरतो, अक्का. माझी म्हैससुद्धा तोंड लावत नाही. मग कुठं धुऊ? आणि नदीत घाण काय मी सोडली? शहरातून कोण सोडतं, ते बघा की!"

मला एकदम आठवला तो आमच्या संडासाचा पाइप! ड्रेनेजची जोडणी मिळेना म्हणून बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, हणमंतरावांनी, तो मागच्या पावसाळी नाल्यात सोडला होता. "स्वल्प दिवस," म्हणाले होते. मग सगळ्या गल्लीनं तेच केलं. तो नाला वृषभावतीलाच मिळतो.

घरी आले ती तडक परसात गेले. पाइपात चिंध्या कोंबल्या, सिमेंट कालवलं आणि तोंड लिंपून टाकलं. हे धावत आले.

"वेड लागलंय का तुला? संडास तुंबेल, सगळी घाण घरात येईल!"

"येऊ दे! आपलीच आहे ना? उठा, जोडणीसाठी ऑफिसात जाऊन ठाण मांडा, नाहीतर इथं घाणीत बसा. बारा वर्षं दुसऱ्याच्या दारात पाठवली. तीच मी माझ्या ह्या हातांनी पवित्राला भरवली हो, चटणी म्हणून!"