कपाट छातीवर

आमच्या गोदामात गाडीत माल भरत नाहीत, कोंबतात. आधी भरायला सहा जण होते, आता दोघं. माझ्याबरोबर उतरवायला एक जोडीदार असायचा, त्यालाही घरी बसवलं. माल बांधायचे पट्टे झिजून तुटले, नवे आलेच नाहीत. ‘जपून चालव की,’ म्हणतो साहेब! वर दम दिलाय तो वेगळाच. आणखी एक वस्तू फुटली की किल्ली टेबलावर ठेवायची आणि चालू पडायचं.

बरं, भांडू कोणाशी? माझी गाडी भरतात ते आमचे दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्यांची कंपनी बंद पडली, वर्षभर घरी बसून होते. ताईनं हात जोडले तेव्हा मीच त्यांना इथं चिकटवलं. त्यांचा उजवा खांदा कामातून गेलाय, पण ते घरच्यांखेरीज कोणाला माहीत नाही. जड वस्तू आत ओढून न्यायची म्हटली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मग ती दारापाशीच उभी करून मोकळे होतात. दुसरा कोणी असता तर चार शिव्या हासडल्या असत्या. दाजींना काय बोलणार?

“दाजी, जरा बघून भरा हो.”

“बघूनच भरलंय, राजा.”

डोंबलाचं बघून!

आज दुपारी एका गल्लीत गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि आरशाचं लोखंडी कपाट अख्खं माझ्यावर आलं. बाजूला उडी मारता आली असती. पण आरसा दिसला, नोकरी दिसली, आणि मी येड्यासारखी छाती पुढे केली. खालची कड गाडीत, वरचा सगळा भार माझ्या बरगड्यांवर. मागे ढकलायला ताकद पुरेना, खाली घ्यायला दुसरा माणूस नाही.

“अहो, कोणी आहे का?” बोंबललो. एक बाई खिडकीतून डोकावली आणि पडदा ओढून आत गेली. मागच्या मोटारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. अरे बाबा, मी काय इथं कपाटाला मिठी मारायला उभा आहे का? शेवटी तो शिव्या देत मागे गेला.

कपाट ज्यांचं होतं ते आजोबा काठी टेकत खाली आले आणि काठीचाच टेकू द्यायला लागले.

“आजोबा, काठी मोडेल आणि तुम्हीही पडाल. माझ्या खिशातला फोन काढा.”

त्यांनी गोदामाच्या साहेबाला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

“साहेब, माणूस पाठवा. कपाट अंगावर आलंय, श्वास घेता येत नाही.”

“फुटलं का?”

“मी धरलंय म्हणून नाही फुटलं!”

“मग धरून ठेव. गाडी कोणी भरली?”

“साहेब, आधी माणूस...”

“हे बघ, दोघांतला एक कमी करा म्हणून वरून आलंय. नाव सांग, दुसऱ्याला लगेच पाठवतो.”

बरगडीत काहीतरी कट्कन वाजलं. ताई डोळ्यांपुढे आली, खरंच आली. तरी मी म्हणालो, “दाजींनी.”

“दाजी कोण?”

“माझे मेव्हणे. खांदा गेलाय त्यांचा, साहेब. त्यांच्यानं होत नाही.” एकदा तोंड उघडलं ते मिटेचना.

“खांदा? हे आधी नाही सांगितलंस. बरं, तो दुसरा एक गाडी भरतोय, ती झाली की पाठवतो.” फोन बंद.

“येतायत का रे, बाळा?” आजोबांनी विचारलं.

“येतील,” मी म्हणालो. मला स्वतःची किळस आली होती. कोणी आलं नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. आजोबांनी तो डोळ्यांजवळ नेला. “ताई असं लिहिलंय,” म्हणाले आणि माझ्या कानाला लावला.

“अरे, यांना आत्ताच्या आत्ता घरी जायला सांगितलं रे! खांद्याचं कळलं साहेबाला. जड उचलताना हे कळवळलेले कोणीतरी पाहिलं असेल.” ताई रडत होती. “तू बोल ना साहेबाशी. तुझं ऐकतो तो.”

“बोलतो, ताई,” मी म्हणालो.