चिवटांचं बेणं

भाची कोकिळाच्या पत्राला आत्माराममामांनी उत्तर दिलंच नव्हतं. फोनवर घरातले ऐकतात म्हणून तिने सासरहून, शाहपुरहून लिहिलं होतं, "टीबीच्या गोळ्यांनी मळमळतं. खोकला तर थांबला. सोडू का? तुम्ही एवढं वाचता." मामांना उत्तर ठाऊक होतं, पण आपण कुठे डॉक्टर, असं वाटून ते गप्प राहिले.

आज तिचा नवरा जीवन केळ्यांची फणी घेऊन लोधीपुऱ्यात मामांच्या घरी आला.

"मामा, कोकिळा एकदम टनाटन. गोळ्या बंद. उरलेल्या आता आईला देणार, तीही खोकते. औषध फालतू वाया कशाला घालायचं?"

"डॉक्टरांना विचारलंत?" मामा पुटपुटले.

"त्यात काय विचारायचं? तुम्ही आपली पुस्तकं वाचा, मामा." जीवन हसत निघून गेला.

मामा लिहायला बसले. "जीवनराव, कोकिळा, औषधाने दुबळे जंतू आधी मरतात, म्हणून बरं वाटतं. चिवट मागे उरतात. गोळ्या मध्येच सोडल्या की त्यांचंच बेणं वाढतं आणि मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. त्या आईंना देऊ नका. दोघींना लगेच डॉक्टरांकडे न्या."

खाली सवयीने त्यांनी "चूकभूल द्यावी घ्यावी" लिहिलं. मग ते खोडलं आणि पाकीट स्पीड पोस्टाने पाठवून दिलं.