खिळ्यावरून उतरलेला हातमोजा

मी हातमोजा बोलतोय, आणि जळून बोलतोय. इलिनॉयमधल्या आमच्या शहरात कचरा उचलणाऱ्यांची युनियन आहे. तिच्या कचेरीच्या भिंतीवर एक खिळा आहे. चार वर्षं तो माझा होता.

युनियनचा रिवाज असा, की ज्याला महापौर व्हायला आमचा पाठिंबा हवा, त्यानं आधी कचरागाडीच्या मागं उभं राहून एक पूर्ण फेरी करायची. गॉर्डन हॅलोरन पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात मी होतो, कोरा, पिवळा. त्यांनी डबे उचलले आणि प्रत्येक गाडीमागं दोन माणसं कायम ठेवीन असा शब्द दिला. जिंकल्यावर त्यांनी माझ्यावर सही केली. मी खिळ्यावर चढलो, मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मग कामाच्या कराराची बोलणी निघाली. आता महापौर टेबलाच्या पलीकडं बसले होते. दोनाचा एक माणूस झाला. बर्फात एकट्यानं डबे ओढताना आमच्या गाडीवरच्या ओटिसचा खांदा निखळला.

यंदाच्या निवडणुकीआधी फेरीला हॅलोरनसाहेब आलेच नाहीत. सहायकाच्या हाती डोनटचा खोका पाठवला आणि निरोप दिला, की तुम्ही मला ओळखताच. ओटिस म्हणाला, "ओळखतो म्हणून तर बोलावलं होतं."

त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली इनेस बारागान मात्र आली. तिच्यासाठी नवा मोजा काढला. नारिंगी, आतून लोकरीचा. मला कुणी लोकर लावली होती? ती दोनदा घसरली, मला बरं वाटलं. पण फेरी तिनं पुरी केली.

पाठिंबा ठरवायच्या सभेत कुणीतरी भीती घातली, की इनेसला पाठिंबा दिला आणि ती हरली तर महापौर आपल्याला सोडणार नाहीत. युनियनच्या अध्यक्षा अर्नेस्टीनबाई म्हणाल्या, "खुर्चीत बसलेल्याला आपली गरज उरत नाही, बाबांनो. हिला आज आहे. गरज असते तोच ऐकून घेतो."

"आणि खुर्ची मिळाल्यावर?" ओटिसनं विचारलं.

"मग चार वर्षांनी दुसरं कुणीतरी फेरीला येईल."

सगळे हात वर झाले. एप्रिलात इनेस जिंकली. नारिंगी मोज्यावर सही झाली, आणि मी कामाच्या मोज्यांच्या पेटीत पडलो.

आता ओटिस मला घालतो. सही पुसली गेलीय. गाडीमागं दुसरा माणूस परत आलाय, हे मान्य करावं लागतं. तरी खिळ्याकडं नजर गेली की आत करपतं.

अर्नेस्टीनबाई, एवढंच मागणं आहे. तो नारिंगी खिळ्यावरून उतरेल तेव्हा त्याला माझ्याच पेटीत टाका. मी जागा धरून ठेवलीय.