मोठ्या गाडीचा ब्रेक

शेजारच्या बंगल्यातल्या शेठनी १९६६च्या नोव्हेंबरात नवी परदेशी गाडी घेतली. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, म्हणून गाडीसोबतचं इंग्रजी पुस्तक समजावून सांगायला ड्रायव्हर दत्तोबाकाकांनी मला बोलावलं. जुन्या छोट्या गाडीशी ताडून पाहिलं तर हिचं वजन अडीचपट होतं, लांबी दीडपट.

"म्हैस हाय ही," काका म्हणाले. "धाकटी म्हंजी शेळी. पन बारा वर्सांत तिनं दगा न्हाई दिला."

दुसऱ्या दिवशी शेठना आणायला आम्ही दोघं खोपोलीला निघालो. खंडाळ्यापुढं उतार लागताच काकांनी गियर काढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. घाटात पेट्रोल वाचवायची ही त्यांची जुनी सवय.

"मोठीतही?" मी विचारलं.

"उतार तोच हाय की, शास्त्रीबुवा!"

दोन वळणांवर ब्रेक लागला. तिसऱ्यावर काकांचा पाय अडला.

"दबंना रं! दगड झालाय!"

त्यांनी दोन्ही पाय रोवले. काटा पस्तिसावरून पंचेचाळीस मैलांवर गेला. खाली वळणावर डोक्यावर मोळ्या घेतलेल्या चार बाया चालल्या होत्या.

अशा जड गाडीत ब्रेकला जोर मिळतो तो इंजिन हवा ओढतं त्यातून, धाकटीसारखा नुसत्या पायातून नाही. इंजिन बंद झालं की तो जोर दोन-तीन दाबांपुरताच उरतो. हे मी कालच पुस्तकात वाचलं होतं. ते सोडून काकांना गाडीतल्या रेडिओची माहिती दिली होती.

"काका, इंजिन चालू करा!"

"खुळा का काय? आनिक पळंल!"

मी किल्लीकडे हात नेला. त्यांनी कोपरानं ढकलला. काकांनी दाबून धरलेला हॉर्न ऐकून एका बाईनं वळून पाहिलं. मी पुन्हा झेपावलो आणि किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, ब्रेक एकदम लागला, माझं कपाळ काचेवर आदळलं. गाडी आडवी घसरत थांबली.

बाया कड्याला चिकटून उभ्या होत्या. एक मोळी आमच्या चाकाखाली होती.

"डोळं फुटलं का रं?" जिची मोळी पडली होती ती बाई ओरडली.

"काका, पाय काढा आता."

"न्हाई. काढला की गाडी निगंल."

चाकाला लावायला दगड शोधावा म्हणून मी उतरलो. हाताला लागले ते सगळे मुठीएवढेच. शेवटी त्या बाईनंच कडेचा धोंडा लोटत आणून चाकाला लावला. मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "काढ पाय, बाबा."