शेवटचा ठोका

ऑपरेशनच्या आधी शिंपीणबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "सिमेंट न लावता नव्या सांध्याची ही खुंटी खुब्यात राहणार कशी, डॉक्टर?"

"घट्ट ठोकून," मी म्हणालो. "ती खरखरीत असते. पुढे हाडच तिच्यात वाढतं आणि तिला धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला चालवतो बघा."

सव्वीस वर्षं मी हेच करतोय. किती ठोकायचं ते कान सांगतात. खुंटी उतरत असते तोवर आवाज बद्द येतो, घट्ट बसली की चढतो. तिथे थांबायचं. कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना मी हे दरडावून शिकवलंय.

काल सिस्टर म्हणाली, "सर, आवाज बदलला."

"हातोडा कुणाच्या हातात आहे?" मी खेकसलो. मला काहीच बदललेलं वाटलं नव्हतं. आणखी एक ठोका घातला. हाड तडकलं, ते मात्र ऐकू आलं.

भेग बारीक होती. तार गुंडाळून आवळली, खुंटी पक्की केली. पण आता सहा आठवडे त्या पायावर भार नाही. भार पडला तर खुंटी हलेल आणि हाड तिला कधीच धरणार नाही.

बायको वर्षभर सांगतेय, कान तपासून घ्या, उशाशी गजर वाजतो तरी तुम्हाला पत्ता नसतो. मी तिलाच वेड्यात काढत आलो.

आज सकाळी बाईंनी चपला पलंगाखाली जोडून ठेवल्या होत्या. "चालायचं ना?"

"थोडं थांबावं लागेल. हाड जरा ठिसूळ निघालं."

नाचता येईना, अंगण वाकडं! सिस्टर शेजारीच होती. तिने केसपेपरात डोकं खुपसलं.

बाईंचा चेहरा उतरला. "माफ करा हं, डॉक्टर. माझ्या हाडापायी तुम्हाला त्रास झाला."

मला माझीच किळस आली. मी स्टूल ओढून बसलो.

"हाड चांगलं होतं, बाई. माझे कान गेलेत. सिस्टर थांबा म्हणत होती, तरी मी ठोकलं."

बाई रागावतील, रडतील असं वाटलं होतं. त्यांनी समोरच्या पलंगाकडे बोट केलं. तिथली म्हातारी नव्या चपला घालून बघत होती.

"त्यांचं उद्या आहे," बाई म्हणाल्या. "कोण करणार?"