गोळ्या कोलोरॅडोच्या, कायदा नेब्रास्काचा

घरात दुखणं असलं की माणूस कायदा विचारत नाही, रस्ता विचारतो. वर्ना हेमरिकनेही तेच केलं. तिचा नवरा डेलमर सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत होता. मज्जातंतूंचा आजार. दुपार कलली की पायांत असे गोळे यायचे, की एकेकाळी ट्रकचं इंजिन एकट्याने उतरवणारा हा धिप्पाड गडी उशीचं टोक दातांत धरून रडायचा. डॉक्टरांच्या औषधांनी गुंगी यायची, आराम पडायचा नाही. आराम पडला तो गांजाच्या जेलीगोळीने. अर्धी गोळी चघळली की तासाभरात पाय सैल! नेब्रास्कात ती विकायला बंदी. पण कोलोरॅडोची हद्द गावापासून चाळीस मिनिटांवर, आणि हद्द ओलांडली की दुकान हजर.

"सगळेच जातात," वर्ना म्हणायची. आणि खरंच सगळेच जायचे!

नव्हती जात ती मार्लिस. तीस वर्षं कोर्टाच्या खिडकीवर कारकुनी करून निवृत्त झालेली ही बाई किराणा दुकानापाशी सह्यांचे कागद घेऊन उभी राही. आजाऱ्याला गांजा औषध म्हणून मिळावा, हा प्रश्न मतदानाला टाका, अशी मागणी होती. वर्ना लांबूनच हात हलवायची.

"मला नको गं गोवूस यात. मी शाळेत स्वयंपाक करते, पोरांचे आईबाप काय म्हणतील? आणि गाडीत पेट्रोल आहे की माझ्या!"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी परतताना तिची गाडी अडवली गेली. मागचा दिवा गेला होता, एवढंच. अडवणारा पोलीस डेप्युटी म्हणजे टॅनर. या पोराने बारा वर्षं शाळेत वर्नाच्या हातची राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल हाणले होते.

"पिशवीत काय आहे, मिसेस हेमरिक?" त्याने आपलं सहज विचारलं.

"डेलमरचं औषध रे. चोरीचं नाही हं! हे बघ बिल. कर भरलाय, दुकानाचा शिक्का आहे."

टॅनरचा चेहरा पडला. "अहो, हे मला कशाला दाखवलंत?"

"का रे? लपवायचं काय त्यात?"

"आता मी पाहिलं ना! छातीवर कॅमेरा चालू आहे माझ्या. आता माझे हात बांधले."

गोळ्या जप्त झाल्या. तरी वर्नाला वाटत होतं, होऊन होऊन काय होईल, दंड. सोमवारी मार्लिसच्या स्वयंपाकघरात ती तावातावाने तेच सांगत होती.

"थांब," मार्लिस म्हणाली. "पाला होता की गोळ्या?"

"पाला कसला! मी काय गंजडी आहे? धूर नको, घरात वास नको, म्हणून मुद्दाम सभ्य वस्तू घेते मी."

मार्लिसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं बाई माझे! पाल्याची लहानशी पुडी असती तर पहिल्या खेपेला तीनशे डॉलर दंडावर सुटली असतीस. गोळीत अर्क असतो. आपल्या राज्यात अर्क म्हणजे मोठा गुन्हा. दोन वर्षांपर्यंत तुरुंग."

"हद्दीपलीकडे राजरोस, आणि इथे तुरुंग? हा कुठला न्याय गं!"

"न्याय कोण म्हणतंय? कायदा आहे. खिडकीवर माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं होतंस कधी?"

वर्नाचं अवसानच गळालं. "मी आत गेले तर त्याला उचलणार कोण? आंघोळ कोण घालणार?"



गावच्या साप्ताहिकात कोर्टाच्या रकान्यात नाव छापून आलं. शाळेने कळवलं, खटला संपेपर्यंत येऊ नका. तेही सोसलं असतं. पण डेलमर! तीन आठवडे गोळी नाही. पाय लाकडासारखे ताठ, गालाची हाडं वर आलेली. एका दुपारी त्याने तिचं मनगट पकडलं. "वर्ना, एकदाच जाऊन ये ना गं. एकदाच."

तिने किल्ली उचलली. दारापर्यंत गेली. पुन्हा सापडली तर सगळंच संपलं! ती तशीच धावत मार्लिसकडे गेली आणि तिच्या पुढ्यात रडत बसली. "तू जा. तुझ्या पाया पडते. तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

"समजा, आणली. आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात... शेजारची लोरीन जाईल. तीही जातेच."

"आणि लोरीन सापडली की?" मार्लिसचा आवाज चढला. "हा कायदा दुष्टांमुळे टिकलाय असं वाटतं तुला? नाही! आपल्यासारख्या भल्या माणसांमुळे टिकलाय. गाडीवाल्यांनी वळसा घातला, आपलं भागलं, गप्प बसले. ज्याच्याकडे गाडी नाही, तो आजारी काय करत होता इतकी वर्षं? आला होता का कधी मनात?"

नव्हता आला. एकदाही नव्हता! वर्नाला स्वतःचीच लाज वाटली. आपला डेलमर निवांत झोपायचा, तेव्हा याच गावात कुणीतरी उशी चावत पडलेलं असणार, आणि आपण किराणा दुकानासमोरून हसत जायचो. तिने डोळे पुसले. "कागद दे तो," ती म्हणाली.

नियम असा, की सही घेण्याआधी मागणीचा उद्देश प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायचा. मार्चमध्ये माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये उपवासाच्या दिवसांतलं शुक्रवारचं मासळीचं गावजेवण होतं. वर्ना दारापाशी टेबल मांडून बसली. पहिला तासभर लोक भिंतीकडेने जात राहिले. लोरीन आली, वाकून कुजबुजली. "सही केली तर लोकांना वाटेल, माझ्याही घरात..." लोरीन मासळी घ्यायला गेली.

मग मार्लिसने डेलमरची खुर्ची ढकलत आणली.

"वाच," तो म्हणाला.

"तुला पाठ आहे रे सगळं."

"नियम म्हणजे नियम. वाच!"

वर्ना वाचू लागली. "या मागणीचा उद्देश असा, की डॉक्टरांच्या शिफारशीने रुग्णाला ठरावीक प्रमाणात..." आणि तेवढ्यात गोळा आला. डेलमर खुर्चीत कमानीसारखा ताणला गेला, तोंडातून आवाज फुटला. हॉलमधले काटेचमचे थांबले. जे चार भिंतींत सहा वर्षं दडलं होतं, ते गावाने आज पाहिलं.

"थांबू नकोस," तो कण्हला.

रडत रडत तिने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. त्याने वेडीवाकडी सही केली. मान वर केली तर समोर लोरीन उभी होती. हातातली ताटली तिने टेबलावर ठेवली. "मलाही वाचून दाखव," ती म्हणाली. तिच्यामागे आणखी चार-पाच जण होते.

वाचकहो, चुकीच्या कायद्याला वळसा घालणं सोपं असतं, म्हणून तर तो जगतो. आपण निसटतो, आणि ज्याला निसटता येत नाही तो त्यात अडकतो. म्हणून आपल्या राज्याचा कायदा आधी वाचा, समजून घ्या. आणि चूक दिसली तर चारचौघांत, आपल्या नावानिशी बोला!

पण बोलल्याने त्याच दिवशी दुखणं थांबत नाही. डेलमरने घाम पुसला आणि हळूच विचारलं, "आता मिळेल का गं गोळी?"

"नाही रे. मतदान नोव्हेंबरात."

"तोवर तू घरी असशील ना?"

खटल्याची तारीख एप्रिलमधली होती. वर्नाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि रांगेकडे वळून म्हणाली, "पुढे कोण आहे? या, वाचून दाखवते."